समुद्र नसलेल्या जिल्ह्यातील समुद्राचा अभ्यास

पदवीच्या विद्यार्थ्यांना सक्तीच्या असलेल्या पर्यावरण विषयाच्या प्रकल्पवह्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने का तपासाव्यात, हे बाहेरच्या माणसाला सहज उमगणार नाही. महाविद्यालयात नोकरी केलेल्यांना ते ठाऊक आहे. हा विषय कोणाचाच नसतो. म्हणून ज्याच्या वेळापत्रकात दोन तास मोकळे दिसतात त्याच्या गळ्यात तो पडतो. मीही गेली काही वर्षे हे काम करीत आहे. गेल्या वर्षी माझ्यापुढे आलेल्या चौसष्ट वह्यांपैकी एकोणीस वह्यांचा विषय 'सागरी प्रदूषण' हा होता. एकोणीस वह्यांत नाकात प्लास्टिकची नळी अडकलेल्या कासवाचे एकच चित्र होते, प्रस्तावना एकच होती आणि 'प्रवाळ' या शब्दाऐवजी 'प्रवास' अशी छपाईची चूकही एकच होती. त्या वह्या लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मी एकोणीसही वह्यांवर सही केली.

हा विषय अभ्यासक्रमात आला तो काही हौसेने आलेला नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले, आणि अंमलबजावणी होत नाही असे पाहून २००३ साली पुन्हा बजावले. विद्यापीठ अनुदान आयोगाने मग पन्नास तासांचा एक समान अभ्यासक्रम तयार केला. त्यातील शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा: नदी, डोंगर, गवताळ रान अशा एखाद्या जागेची आणि एखाद्या प्रदूषित स्थळाची प्रत्यक्ष पाहणी करावी, भोवतालच्या वनस्पती, कीटक, पक्षी यांची ओळख करून घ्यावी. त्यासाठी राखून ठेवलेले तास पाच. पन्नासांतील या पाच तासांचे रूपांतर प्रकल्पवहीत झाले आणि प्रकल्पवही बाजारात मिळू लागली. विद्यार्थ्यांना दोष देणे सोपे आहे. पण वही विकत घेणाऱ्याइतकाच तिच्यावर सही करणाराही या व्यवहारातला पक्षकार आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

याहून खजील करणारा एक प्रसंग सांगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या वर्गाची सहल अलिबाग-रेवदंड्याला गेली होती. सहल म्हणजे जे असते तेच होते. रात्रभर गाडीत गाणी, सकाळी किल्ला, दुपारी मासळीचे जेवण, सायंकाळी वाळूत छायाचित्रे. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर नेवासे तालुक्यातील एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, आपल्या प्रवरेचं पाणी इथं येतं का?" मी बेधडक सांगितले, "येणारच. सगळ्या नद्या शेवटी समुद्रालाच मिळतात." आमच्या गाडीचे चालक शेजारीच उभे होते, पैठणकडचे, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. ते हसून म्हणाले, "सर, नाथसागरातनं पाणी खाली नांदेडला जातंय. इकडं कशाला येईल?"

त्यांचे म्हणणे बरोबर होते. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगवते, नेवाशाच्या पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला. अकोले तालुक्यातील घाटमाथ्याची कडा सोडली तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पाण्याचा एकही थेंब अरबी समुद्राकडे जात नाही. खुद्द शहरातून वाहणारी सीना भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णाही त्याच पूर्वेच्या समुद्राला मिळते. विद्यार्थिनीचा प्रश्न उत्तम होता. ज्याच्याकडे तो विचारला गेला तो माणूसच अनभ्यस्त निघाला.

बुडणाऱ्याला काढण्यापासून प्रारंभ

समुद्र शिकवण्याची दुसरी एक रीत जगात आहे आणि ती आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठीच निघालेली आहे. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या प्रेरणेने १९६२ साली वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, सेंट डोनॅट्सच्या जुन्या किल्ल्यात, अटलांटिक कॉलेज सुरू झाले. निरनिराळ्या देशांतील सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनी एकत्र राहावे, एकत्र शिकावे, ही कल्पना. तेथील पहिले मुख्याध्यापक डेस्मंड होर हे नौदलातून आलेले. समोरचा समुद्र धोक्याचा. तेव्हा मुलांना त्यापासून दूर ठेवण्याऐवजी त्यांनी मुलांकडेच त्या किनाऱ्यावरील बचावकार्य सोपवले. त्यासाठी बोट हवी म्हणून विद्यार्थ्यांच्या मदतीने कठीण तळाची आणि हवेने फुगवलेल्या कडांची एक नवी बोट घडवली. आज जगभरातील बचावपथके ज्या प्रकारच्या बोटी वापरतात त्यांचा उगम या शाळेच्या कर्मशाळेत आहे. होर यांनी तिचे स्वामित्व ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेला नाममात्र एक पौंडाला देऊन टाकले.

याच कुटुंबातील दुसरी संस्था कॅनडात व्हँकुव्हर बेटावर १९७४ साली निघाली. पिअर्सन कॉलेज हे तिचे नाव. तिच्या समोर समुद्रात रेस रॉक्स नावाचा खडकांचा पुंजका आहे. भरतीचा जोर तेथे विलक्षण असतो आणि त्यामुळे खडकांवरील जीवसृष्टीही विलक्षण. तेथील विद्यार्थी आपल्या शिक्षकांबरोबर पाण्याखाली उतरत, कोणते जीव किती खोलीवर आढळतात याच्या नोंदी करीत. या नोंदींच्या बळावर त्या जागेच्या संरक्षणाचा प्रस्ताव उभा राहिला आणि १९८० साली ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने ती जागा परिसंस्था राखीव म्हणून घोषित केली. पुढे १९९७ मध्ये तेथील दीपगृह स्वयंचलित झाल्यावर बेटाची देखभाल कॉलेजने स्वीकारली. दीपगृहावरील रखवालदार १९२१ पासून रोज समुद्राच्या पाण्याचे तापमान व क्षारता मोजून लिहीत आले होते. ती नोंद थांबू दिली नाही. अर्थशास्त्राचा माणूस आकड्यांच्या लांब मालिकांवर जगतो. शंभर वर्षांची अखंड मालिका म्हणजे काय धन असते, हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही. तिची काही वर्षे एका शाळेने जपली, हे मात्र माझ्या ऐकिवात नव्हते.

या दोन्ही ठिकाणी मुले समुद्र 'पाहायला' गेली नाहीत. एका ठिकाणी माणसे वाचवण्याचे आणि दुसऱ्या ठिकाणी खडक वाचवण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि शास्त्र त्या कामाच्या ओघात शिकले गेले. आपण क्षेत्रकार्य म्हणतो तेव्हा यातील 'क्षेत्र' आपल्याला आठवते, 'कार्य' आठवत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हे श्रीमंत देशांचे आणि श्रीमंतांच्या मुलांचे चोचले आहेत. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. आपल्याकडे 'इंटरनॅशनल' हा शब्द आता तालुक्याच्या गावीही शाळांच्या कमानीवर दिसतो आणि त्याचा अर्थ पुष्कळदा पिवळी बस व गळ्यातला टाय एवढाच असतो. राज्य शासनाने २०१८ मध्ये महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढून जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्याला जोडल्या, तेव्हा हा शब्द गरिबांच्याही वाट्याला येईल अशी आशा वाटली होती; दोन वर्षांतच ते मंडळ गुंडाळले गेले. खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय अशी जी शाळा आपल्या शेजारी आहे ती पुणे जिल्ह्यात मुळशीच्या खोऱ्यात, टेकडीवर वसलेली. अटलांटिक आणि पिअर्सन यांचीच ती धाकटी बहीण. महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज या नावाने १९९७ मध्ये सुरू झालेली. अनेक देशांची मुले तेथे दोन वर्षे राहून आंतरराष्ट्रीय पदविका घेतात. पुस्तकी विषयांबरोबर सेवाकार्य आणि प्रत्यक्ष काम हे त्या पदविकेचे अनिवार्य अंग आहे. त्यातून सुटका नाही.

या टेकडीचे स्थान मोठे अर्थपूर्ण आहे. जवळचे मुळशी धरण ज्या मुळेवर बांधले आहे ती नदी स्वभावतः पूर्वेला जाणारी. (आपल्या राहुरीची मुळा वेगळी, नावाचे साम्य तेवढे आहे.) ज्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्या धरणातील पाणी विजेसाठी घाटाखाली भिऱ्याला सोडले जाते. तेथून ते कुंडलिका नदीत येते, धाटाव-रोह्याच्या रासायनिक कारखान्यांजवळून जाते आणि रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. म्हणजे पूर्वेचे पाणी माणसाने पश्चिमेला वळवले आहे. जेथे मी चुकीचे उत्तर दिले त्याच रेवदंड्याला ते पोचते. भिऱ्यापासून खाडीपर्यंत त्या पाण्याबरोबर चालत गेलेल्या विद्यार्थ्याला, तो केनियाचा असो की कोल्हापूरचा, समुद्राच्या प्रश्नांवरील व्याख्यान वेगळे द्यावे लागणार नाही.

पाणी कोठे जाते?

पण मुळशीच्या मुलांना समुद्र जवळ आहे. नगरच्या मुलांनी समुद्राचा अभ्यास का करावा? करावा, कारण समुद्राच्या व्याधींचे मूळ पुष्कळदा समुद्रापासून शेकडो कोस दूर असते.

अमेरिकेतील आयोवा राज्याला समुद्र नाही. मक्याची शेती आहे. मक्याला घातलेल्या खताचा जो अंश पिकाला लागत नाही तो ओढ्यांतून मिसिसिपी नदीत आणि तिच्यातून मेक्सिकोच्या आखातात जातो. नत्राच्या या मेजवानीवर पाण्यातील सूक्ष्म वनस्पती बेसुमार वाढतात, मरून तळाशी बसतात, आणि त्या कुजताना तळच्या पाण्यातील प्राणवायू संपतो. मासे पळून जातात; ज्यांना पळता येत नाही ते जीव मरतात. नॅन्सी रॅबेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात हा मृत पट्टा बोटीने फिरून मोजला आहे. २०१७ साली तो २२ हजार ७०० चौरस किलोमीटरांहून अधिक भरला. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १७ हजार ४८ चौरस किलोमीटरांचा. त्याहूनही मोठा समुद्रतळ, शेतकऱ्याने न पाहिलेला, शेतातल्या खताने निकामी केला.

आपल्या प्रवरेच्या काठी मक्याऐवजी ऊस आहे. युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे २६६ रुपये ५० पैशांना मिळते. स्वस्त वस्तू हात सैल सोडून वापरली जाते, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. त्यात आसवन्यांचे तपकिरी सांडपाणी, गावांची गटारे आणि ओढ्यांत टाकलेले प्लास्टिक यांची भर. आणि हे सर्व जेथे जाते त्या बंगालच्या उपसागराची स्थिती नाजूक आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ ज्यात होते अशा एका आंतरराष्ट्रीय पथकाने २०१६ मध्ये दाखवून दिले की, त्या उपसागराच्या मधल्या थरात प्राणवायू जवळजवळ नाही. अगदी अंशमात्र उरलेला आहे आणि त्या अंशावर तेथील नत्राचे चक्र तोलून राहिलेले आहे. किनाऱ्याकडून आणखी खत येत गेले तर हा तोल किती काळ टिकेल, हा त्यांच्या निष्कर्षातील काळजीचा भाग.

अर्थात आयोवाचा हिशेब जसाच्या तसा नगरला लावता येत नाही. मिसिसिपी पावसाळा-उन्हाळा वाहते; प्रवरा ओझरच्या बंधाऱ्याखाली वर्षातील बरेच महिने वाहतच नाही. पाणी कालव्यांत जाते आणि नदीच्या पात्रात उरतात ती डबकी, वाळूचे खड्डे आणि गावांचे सांडपाणी. जे खाली जाते त्याची पहिली गाठ नाथसागराशी पडते. तेथे गाळ थांबतो. गोदावरीवरील अशा लहानमोठ्या धरणांनी गाळ अडवल्यामुळे तिच्या मुखाकडील त्रिभुज प्रदेशाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माती कमी मिळू लागली आणि तेथील किनारा जागोजाग मागे हटू लागला. म्हणजे ज्याची समुद्रकाठाला गरज आहे ती काळी माती आपण अडवून ठेवतो, आणि ज्याची गरज नाही ते विरघळलेले नत्र पुराबरोबर पुढे जाऊ देतो. हा उलटा व्यापार कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. वर्गात मात्र मी पिगूचा १९२० सालचा ग्रंथ उघडून गिरणीच्या धुराड्याचे उदाहरण देत असतो: कारखानदाराचा खर्च वेगळा, समाजाचा खर्च वेगळा. खिडकीबाहेर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर चाललेले असतात.

याच जिल्ह्यात लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ त्याचा अध्यक्ष झाला. त्यांचे चिरंजीव माधव गाडगीळ परिसरशास्त्रज्ञ. पश्चिम घाटासंबंधीचा त्यांच्या समितीचा अहवाल २०११ मधला. ऊस आणि घाट, दोहोंचा विचार एकाच घरात झाला. आमच्या वर्गात मात्र ही दोन पाने अद्याप एकत्र शिवली गेलेली नाहीत.

दोन समुद्र वेगळे आहेत असे जे आपण समजतो तेही फारसे खरे नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खूण लावलेली ऑलिव्ह रिडले जातीची एक कासवी २०२५ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरला अंडी घालायला आली. पूर्वेचा आणि पश्चिमेचा किनारा तिने एकच मानला. अशी कासवे कोकणात टिकली त्यालाही क्षेत्रकार्यच कारण आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली, म्हणून आज तेथे पिले समुद्रात जाताना पाहायला माणसे गर्दी करतात. ज्या गावात पूर्वी अंडी खाल्ली जात त्याच गावातील माणसे आता पाहुण्यांना कासवाचे जीवनचरित्र सांगतात.

सहल आणि बंदी

आता कटू भाग. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ज्यांची मुले गेली त्यांच्या दुःखाला शब्द नाहीत. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, आणि शाळांनी मुलांना समुद्रकिनारी, नदीवर, तलावावर नेऊ नये असा शासकीय सूचनांचा रोख राहिला. मुख्याध्यापकांची अडचण मी समजू शकतो; काही घडले तर निलंबन त्यांचे होते. पण या उपायाचा परिणाम काय झाला? सहली थांबल्या नाहीत, त्या करमणूक उद्यानांकडे वळल्या. पाण्यावर जाऊन काही शिकण्याचा मार्ग तेवढा बंद झाला. आणि मुले पाण्यावर जायची थांबली का? ती पालकांना न सांगता, मोटारसायकलीवर तिघे बसून जातात. दर पावसाळ्यात रंधा धबधब्याकडे, भंडारदऱ्याकडे लोटणारी तरुणांची झुंड ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सांगणे नको.

पाणी किती फसवे असते याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने अगदी अलीकडे घेतला. २०२४ च्या मे महिन्यात अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरेत दोन तरुण बुडाले, आणि त्यांच्या शोधासाठी गेलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून तीन जवानांचे प्राण गेले. प्रशिक्षित माणसांची जेथे ही गत, तेथे विद्यार्थ्यांना न्यावे असे मी म्हणतो आहे का? नाही. मी म्हणतो आहे की, बंधाऱ्याखालचा भोवरा म्हणजे काय, आवर्तन सुटल्यावर पात्रातले पाणी किती वेळात चढते, भरती केव्हा येते, हे ज्ञान देणे हाच क्षेत्रकार्याचा पहिला धडा असला पाहिजे. पाण्याच्या कडेला उभे राहून ते दिले पाहिजे, पाण्यात उतरून नव्हे. कोकणातील कोळ्याला ओहोटीचे वेळापत्रक छापून द्यावे लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. रेवदंड्याच्या आमच्या सहलीत साठ विद्यार्थी आणि चार प्राध्यापक होतो. हा साधा हिशेब आमच्यापैकी एकालाही येत नव्हता. आम्ही सुखरूप परतलो, याचे श्रेय कोणाच्या ज्ञानाला देता येणार नाही.

अटलांटिक कॉलेजने धोका पाहून बोट बांधली. आपण फलक लावला.

काय करता येईल

यासाठी मुळशीसारखी टेकडी आणि परदेशी शुल्क यांची गरज आहे असे मला वाटत नाही. प्रवरा उगमापासून संगमापर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर, सबंध आपल्याच जिल्ह्यात. रतनवाडी, अकोले, म्हाळुंगीच्या संगमावर वसलेले संगमनेर, कोल्हार, बेलापूर, नेवासे, प्रवरासंगम अशी सात ठाणी धरली तर प्रत्येकाच्या पाच-दहा कोसांत एखादे महाविद्यालय आहेच. प्रत्येकाने आपले एक ठाणे घ्यावे आणि वर्षातून चार वेळा, एकाच दिवशी, पाणी मोजावे. तापमानाला साधा तापमापक पुरतो, सामू पाहायला कागदी पट्टी. विरघळलेल्या प्राणवायूसाठी विंक्लरची पद्धत बी.एस्सी.च्या कोणत्याही रसायनशास्त्र विभागात ठाऊक असते. बाटली पाण्याखालीच भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, मँगनीजचे आणि आयोडाइडचे द्रावण काठावरच घालायचे. उरलेले काम प्रयोगशाळेत. नत्र मोजण्यासाठी राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. आणि काठाच्या दहा मीटरांत किती पिशव्या, बाटल्या, चपला सापडल्या याची मोजदाद करायला वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही चालतो. कदाचित तोच अधिक काटेकोर करील.

एका वर्षाच्या आकड्यांनी काही सिद्ध होणार नाही. दहा वर्षांची वही मात्र पाटबंधारे खात्याला, साखर कारखान्याला आणि ग्रामपंचायतीला दुर्लक्षिता येणार नाही, कारण तशी वही दुसऱ्या कोणाजवळ नसेल. आणि ती बाजारात विकत मिळणार नाही. खर्चाचे म्हणाल, तर शैक्षणिक सहलीला एस.टी. निम्म्या भाड्यात मिळते, आणि आज करमणूक उद्यानाच्या एका सहलीवर जेवढा पैसा जातो तेवढ्यात एका ठाण्याचे वर्ष निघावे, असा माझा अंदाज आहे. खरी अडचण पैशाची नाही. गुणपत्रिकेतील रकान्याची आहे. चकचकीत वहीला जेवढे गुण, तेवढेच किंवा अधिक गुण जोवर चिखलाने भरलेल्या नोंदवहीला मिळणार नाहीत, तोवर हुशार विद्यार्थी चकचकीत वहीच आणील, आणि तसे करण्यात त्याचा अर्थशास्त्रीय दृष्ट्या काही दोष नाही.

आंतरराष्ट्रीय शाळांतील विद्यार्थ्यांनाही या कामात जरूर बोलवावे, पण पाहुणे म्हणून नव्हे. बाहेरची मुले येतात, मोजतात, छायाचित्रे घेतात आणि निघून जातात. गावची मुले त्यांना वाट दाखवतात आणि चहा देतात. असला प्रकार नको. याबाबत आपल्या जिल्ह्याने फार पूर्वी एक वेगळा पायंडा पाडून ठेवला आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात परदेशी विद्यार्थी शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत खेड्यापाड्यांतल्या आरोग्यसेविका असतात. त्यांतील कित्येकींनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. तसेच रतनवाडीचा महादेव कोळी शेतकरी, नाथसागरावर जाळे टाकणारा भोई आणि रेवदंड्याची कोळीण यांनी शिकवावे. मुळशीच्या आणि नेवाशाच्या मुलांनी एका बाकावर बसून ऐकावे. इंग्रजीची अडचण येईल हे खरे. ती दोन्ही बाजूंना येईल, आणि त्यात नगरच्या मुलाला प्रथमच कळेल की, त्याला जे येते ते समोरच्याला येत नाही.

आमच्या वर्गापुरता प्रारंभ यंदा करायचे ठरवले आहे. दिवाळीच्या सुट्टीत, पाणी ओसरल्यावर, रतनवाडी, संगमनेर आणि प्रवरासंगम ही तीन ठाणी. रसायनशास्त्राचे एक तरुण सहकारी बाटल्या घेऊन बरोबर येत आहेत आणि पैठणच्या त्याच चालकांना मी मुद्दाम विचारले आहे. ते येतो म्हणाले. नेवाशाची ती विद्यार्थिनी आता एम.ए.ला आहे, तीही येणार आहे. अकरा विद्यार्थ्यांनी नावे दिली आहेत. पालकांची संमतीपत्रे त्यांतील सात जणांची आली आहेत. उरलेल्या चार घरी येत्या रविवारी मी स्वतः जाणार आहे.